क्लच कोण जाळतंय

गाडी ओरडत होती, पण चढत नव्हती.

अण्णांनी अॅक्सिलरेटर आणखी दाबला तसा इंजिनाने आणखी वरचा सूर लावला. वेग होता तेवढाच राहिला, वळणापाशी तर तो कमीच झाला. मागच्या सीटा काढून तिथे पाण्याचे कॅन उभे केले होते. ते एकमेकांना ढुसण्या देत मागच्या दाराकडे सरकले. एकाचं झाकण नीट बसलं नव्हतं. सून बाजूच्या सीटवरून अर्धी मागे वळून त्या झाकणावर तळहात दाबून बसली होती आणि पाणी तिच्या बोटांमधून बाहेर येत होतं.

“अण्णा, वास येतोय.”

“कसला?”

“जळल्याचा.”

“कोणीतरी टायर जाळत असेल.”

सुनेने बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि तापलेले दगड. टायर जाळायला तिथे चिटपाखरूही नव्हतं. तिने झाकण आणखी घट्ट दाबलं. गाडीच्या बाबतीत सासऱ्याशी वाद घालायचा नाही, हे ती या घरात आल्या आल्या शिकली होती. अण्णांनी उभी हयात लांब पल्ल्याची बस चालवली होती, आणि घरात कोणी ते विसरतंय असं वाटलं की ते लगेच आठवण करून देत.

शेवटी पहिला गिअर टाकून, धूर काढत, रडतखडत गाडी माथ्यावर आली.

घर टेकडीच्या माथ्याला होतं आणि घरामागे नर्सरी. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा, प्रत्येक पिशवीत एक कलम. कलमं सुनेची. खालचं रोप चिरून त्यात वरची काडी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. बांधताना काडी जराशी हलली तरी कलम धरत नाही, म्हणून ती श्वास रोखून बांधायची आणि गाठ मारून झाली की भलीमोठी फुंकर सोडायची. आई, म्हणजे तिची सासू, म्हणायची, “ही कलमं बांधत नाही, पाण्यात बुड्या मारते.”

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि हटायचं नाव घेईना. विहिरीला आधी गढूळ पाणी आलं, मग गाळ, मग बादली कोरडीच खडखडत वर आली. कलमांना तर दोन्ही वेळ पाणी हवं. कोवळ्या पानाने एकदा मान टाकली की ते परत उचलत नाही. म्हणून खाली तळ्याकाठच्या नळावरून गाडीने पाणी आणायचं सुरू झालं. सकाळच्या खेपा अण्णांच्या, तेव्हा सून कॅन धरायला शेजारी. संध्याकाळच्या खेपा सुनेच्या एकटीच्या. तिचा नवरा लांब बंदरावर क्रेन चालवायला होता. तो सुट्टी मिळेल तेव्हा यायचा आणि बहुतेक वेळा मिळायची नाही.

गाडी तिला अण्णांनीच शिकवली होती. शिकवली म्हणजे शेजारी बसून ओरडले. गिअर बदलल्यावर तिचा पाय क्षणभर जरी क्लचवर रेंगाळला की ते डॅशबोर्डवर थाप मारून गरजायचे, “पाय!” मग समजावून सांगायचे, “गिअर पडला, काम झालं, पाय बाजूला. ती पाय टेकायची पायरी नाही.” इतक्यांदा गरजले की पुढे पुढे झोपेत कूस बदलतानाही तिचा पाय आपोआप बाजूला सरकतो, असं नवरा चेष्टेने म्हणायचा.

कॅन उतरवून झाले. अण्णा पडवीकडे निघाले, तर आई दारातून त्यांच्याकडे बघतच राहिली.

“अहो, एकाच पायात चप्पल? नवीन फॅशन का?”

अण्णांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी. अंगण असं तापलं होतं की कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या.

“गाडीत राहिली असेल.”

चप्पल गाडीत नव्हती. दुसऱ्या दिवशी ती नळाजवळच्या चिखलात सापडली. आईने तेव्हा त्यांचा पाय मांडीवर घेऊन तळवा बघितला, तर टाचेपाशी काचेचा तुकडा रुतलेला. तिने तो चिमट्याने ओढून काढला. अण्णा तेवढ्या वेळात शेजाऱ्याच्या बैलाबद्दल बोलत होते.

“दुखलं नाही?”

“ड्रायव्हरचे पाय आहेत. कातडं झालंय त्यांचं.”

गेल्या वर्षी याच पायात मुंग्या यायच्या. इतक्या, की ते रात्रभर पाय झटकत बसायचे. दवाखान्यात रक्तातली साखर वाढलेली निघाली आणि गोळ्या मिळाल्या. मग हळूहळू मुंग्या थांबल्या. पाय बरा झाला असं अण्णांनी जाहीर केलं आणि गोळ्यांची डबी फळीवर मागे ढकलून दिली. आईने आग्रह केला तेव्हा म्हणाले, “बऱ्या माणसाने औषध खाल्लं की ते उलटतं.” हे त्यांना कोणी सांगितलं होतं, ते कधी कळलं नाही.

गाडीच्या दुखण्यावर मात्र त्यांनी लगेच मेकॅनिक बोलावला. त्याला सगळे पान्या म्हणत. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असे आणि कुठेही बसला तरी त्याचा खणकन आवाज होई. पान्या स्कूटरवरून आला, बॉनेट न उघडताच खाली वाकला आणि क्लचचं पेडल हाताने दाबून बघितलं.

“काका, केबल ताणलीय. पेडलला वरच्या वर थोडी मोकळी चाल लागते. इथे नाहीच. पेडल कायम थोडंसं दाबलेलं, म्हणून क्लच पुरता चिकटत नाही आणि घसरतो.”

“मी तेच म्हणत होतो,” अण्णा म्हणाले. त्यांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं.

पान्याने केबल सैल केली, पेडल दाबून दाखवलं, चहा घेतला आणि गेला. गाडी थोडे दिवस नीट चालली. मग पुन्हा तेच. वळण आलं की इंजिन आकाशात आणि गाडी जमिनीवर. पुन्हा तोच करपट वास. या खेपेला तो कपड्यांना आणि केसांनाही चिकटून राहिला. सून रात्री जेवायला बसली तरी तिला भातातून तोच वास येत होता.

पान्या परत आला. या वेळी त्याने गाडीत बसून, चाकापुढे दगड लावून, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सावकाश सोडला. “आता बघा. क्लच धड असला तर इंजिन गचकन बंद पडेल. गेलेला असला तर ओरडत राहील.”

इंजिन ओरडत राहिलं.

“गेला,” पान्या म्हणाला, डॉक्टर सांगतात तसं, जरा खालच्या आवाजात.

गिअरबॉक्स उतरवायला अख्खा दिवस गेला. झाडाच्या फांदीला साखळी बांधली, खाली फळ्या लावल्या. अण्णा आणि सून दोन बाजूंनी ते धूड धरून उभे, पान्या गाडीखाली पाठीवर पडलेला, आणि आई वाऱ्यासाठी गोणपाट हलवत होती, त्याने फक्त धूळ उडत होती. दुपारनंतर प्लेट बाहेर आली. तिच्यावरचं अस्तर काळं पडून पार झिजलं होतं, रिव्हेट उघडे पडले होते. पान्याने ती नाकाजवळ नेली, बोट फिरवून बघितलं.

“तेल गळून घसरत असती तर ओली असती. ही कोरडी जळालीय.” तो पालथ्या हाताने घाम पुसत म्हणाला, “क्लचवर पाय ठेवून चालवतंय कोणीतरी.”

पान्याने सुनेकडे पाहिलं. अण्णांनी सुनेकडे पाहिलं. आईने अण्णांकडे पाहिलं आणि ते कुठे बघताहेत ते बघून तीही तिकडेच बघू लागली. सुनेच्या हातात ग्रीस होतं, कपाळावर ग्रीस होतं, आणि हे सगळे आपल्याकडे का बघताहेत हे तिला जरा उशिराच कळलं.

“मी नाही ठेवत,” ती म्हणाली.

“वहिनी, नवीन माणसाचं होतं असं,” पान्या म्हणाला. “भीती असते. पाय आपोआप जातो.”

“मी नाही ठेवत, अण्णा. तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलं म्हणजे आलं असं नाही,” अण्णा म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. रागावले असते तर तिलाही रागावता आलं असतं.

नवी प्लेट बसली. किल्ली इतके दिवस दाराशेजारच्या खिळ्याला असायची. त्या संध्याकाळी सून खेप करायला निघाली, खिळ्याकडे हात नेला, तर खिळा रिकामा. किल्ली अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात होती. खिसा त्या वजनाने खाली ओढला गेला होता.

“आता काही दिवस मीच आणतो,” अण्णा म्हणाले. “तू झाडांकडे बघ.”

नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती जाळीखाली उभी राहून बोलली. मागे क्रेनचा खडखडाट येत होता.

“अगं, थोडे दिवस ते म्हणतात तसं कर ना.”

“पण मी पाय ठेवत नाही.”

“आपल्याला कळत नसतं गं. सवय असते. माझंच बघ, मी केबिनमध्ये गुणगुणतो म्हणे. मला आजवर माहीत नव्हतं.”

तिने फोन ठेवला आणि पायाकडे बघितलं. हा माणूस तिच्या बाजूने एक शब्द बोलेल असं तिला वाटलं होतं. तो स्वतःचं गुणगुणणं सांगत बसला. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याला कळत नसतं. खरंच कळत नसेल तर? अण्णांसारखा माणूस खोटं कशाला बोलेल? पान्या तरी कशाला बोलेल? दोघे म्हणतात पाय जातो, म्हणजे जात असेल. मग आपला पाय आपल्याला न विचारता काय काय करत असतो?

दुसऱ्या दिवशी कलमं बांधायला स्टुलावर बसली तेव्हा तिने डाव्या पायाजवळ एक वीट ठेवली. विचार केला, काम करता करता पाय विटेवर गेला तर समजायचं. काम करताना ती सारखी खाली बघत राहिली. पाय विटेवर गेला नाही, पण काड्या हलल्या, आणि त्या दिवशीची बरीच कलमं वाया गेली. संध्याकाळी तिला विटेचा राग आला आणि तिने ती उचलून कुंपणापलीकडे भिरकावून दिली.

अण्णांच्याने दोन्ही वेळच्या खेपा होत नव्हत्या. सकाळी ते जात, आता एकटेच. कॅन मागे दोरीने बांधून टाकत. दुपारी थकून पडत आणि संध्याकाळी म्हणत, “जरा ऊन उतरू दे.” ऊन उतरेपर्यंत अंधार व्हायचा. सून मग ढकलगाडी घेऊन पायी खाली जायची आणि दोन कॅन लादून चढ चढायची. वळणावर ढकलगाडी मागे यायला बघायची, तेव्हा ती छाती लावून थांबायची. तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यांत हँडलचा गंज गेला. एवढं करून पाणी अर्ध्या रांगांनाच पुरायचं. कुठल्या अर्ध्या, हे तिला रोज ठरवावं लागायचं, आणि ते ठरवणं चढापेक्षा जड होतं. टोकाच्या रांगांमधल्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या. ती तिकडे जायचंच टाळू लागली.

आणि मग एका सकाळी अण्णा चालत घरी आले.

आईने आधी आवाज ऐकला. दूरवर इंजिन वरच्या पट्टीत किंचाळत होतं, मग बंद पडलं, मग बराच वेळ काहीच नाही. नंतर चढावरून अण्णा एकटेच येताना दिसले, डावा पाय जरा ओढत, सदरा घामाने अंगाला चिकटलेला.

“गाडी कुठंय?”

“वळणावर. घसरते.”

“नवी प्लेट घातली ना?”

“घातली म्हणजे काय, डबा घातला त्या पान्याने!” अण्णा मटकन खाली बसले. “जुनी रंगवून बसवली असेल.”

आईने त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. सून जाळीतून बाहेर येऊन उभी होती. अण्णांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिच्या मनात आलं ते तिने बोलून टाकलं.

“आता तर मी चालवतच नाही.”

अण्णा कपाळ चोळत राहिले. “तेच तर कळत नाही,” ते म्हणाले. आवाजात इतका खराखुरा गोंधळ होता की सुनेला पुढचं बोलवेना.

पान्याला निरोप गेला. तो आला तो चिडूनच. प्लेट कोरी करकरीत होती, शपथ घेतो, म्हणाला. वहिनी गुपचूप चालवत असतील, म्हणाला. किल्ली माझ्या खिशात असते, रात्री उशाला असते, अण्णा म्हणाले. मग तुम्ही कॅन जास्त भरत असाल. मागच्यापेक्षा कमी भरतो. मग चढ वाढला असेल, पान्या म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळेना. तो किल्ली घेऊन पायी वळणाकडे गेला.

थोड्या वेळाने चढावरून गाडी आली. दुसऱ्या गिअरमध्ये, भरलेल्या कॅनसकट, सुरळीत. वास नाही, किंचाळणं नाही. पान्या उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर रागाऐवजी बावचळलेपण होतं.

“गाडीला काही झालेलं नाही, काका.”

“असं कसं? मी काय दारू पिऊन आलोय?”

“तसं कुठं म्हणतोय मी? थांबा, तपासू.”

त्याने चाकापुढे दगड लावला, हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन गचकन बंद पडलं.

“बघा. क्लच धड आहे.”

“उतर,” अण्णा म्हणाले. “मी दाखवतो.”

अण्णा बसले. तोच दगड, तोच ब्रेक, तोच गिअर. इंजिन ओरडू लागलं आणि ओरडतच राहिलं. अण्णांनी खिडकीतून विजयी मुद्रेने बघितलं. “आता काय म्हणतोस?”

पान्याने डोकं खाजवलं. “उतरा. वहिनी, तुम्ही बसा बरं.”

सून जागेवरून हलली नाही. इतक्या दिवसांनी त्या सीटवर बसायचं आणि तेही सगळ्यांसमोर परीक्षेला. आपण बसल्यावर इंजिन ओरडत राहिलं तर? आई म्हणाली, “बस गं, काय खाणारे का ती.” तेव्हा ती बसली. क्लच सोडला आणि डावा पाय पेडलपासून इतका लांब नेला की गुडघा दाराला आपटला. इंजिन गचकन बंद पडलं.

पान्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. “तिघांनी तेच केलं,” तो स्वतःशीच म्हणाला. “गाडी तीच. क्लच तोच. काका बसले की जातो आणि उठले की बरा होतो. सतरा गाड्यांची इंजिनं खोललीत मी, असला क्लच नाही बघितला.”

“माझ्यावर राग आहे तिचा,” अण्णा म्हणाले, पण कोणी हसलं नाही.

“परत बसा काका. मी इकडून ऐकतो.” पान्याने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं.

एवढ्यात आई तिकडे आली. ती मघाशी कुंपणापर्यंत जाऊन आली होती, कारण अण्णा वळणावरून आले ते पुन्हा एकाच चपलेनिशी. दुसरी रस्त्यात पडली होती. ती चप्पल हातात घेऊन ती ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी एक रिकामा कॅन पालथा घालून बसली. पायात चढवल्याशिवाय यांना उठू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. अण्णांनी इंजिन सुरू केलं.

“सोडा क्लच, काका! सावकाश!” बॉनेटमागून पान्या ओरडला.

“सोडला!”

इंजिन ओरडत होतं.

“पूर्ण सोडा!”

“अरे सोडला म्हणतो ना! पाय खालीय माझा!”

आईचं डोकं बरोबर पेडलच्या उंचीला होतं. पाय खाली नव्हता. तो अनवाणी पाय पेडलवर होता. टाच टेकलेली, पुढचा भाग पेडलवर आरामात विसावलेला, पेडल निम्म्यावर दबलेलं. आईने वर अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या थापा तिला पाठ झाल्या होत्या. थाप मारताना ते नाक ओढायचे. आत्ता ते नाक ओढत नव्हते. ते खरं सांगत होते.

तिने चप्पल बाजूला ठेवली आणि हात पुढे करून त्यांचा घोटा धरला. अण्णा पान्यावर ओरडत होते. तिने वाट पाहिली. मग नखं रोवून एक जोराचा चिमटा काढला.

“बस चालवली मी, बस!” अण्णा समोर बघून म्हणत होते. “तुझ्या जन्माच्या आधीपासून! मला क्लच सोडायला शिकवतोस?”

आईने तो पाय दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद खाली ठेवला. गाडीला एक गचका बसला आणि इंजिन बंद पडलं.

“हां! आत्ता सोडलात,” पान्या म्हणाला.

“मी मघाच...” अण्णा म्हणाले आणि त्यांनी खाली पाहिलं. बायकोचे दोन्ही हात त्यांच्या घोट्याभोवती होते. ते त्या हातांकडे बघत राहिले. तापलेलं इंजिन टिकटिकत होतं.

“कधीपासून धरलायस?” त्यांनी हळूच विचारलं.

“मघापासून.” आईचा आवाज फुटला. “चिमटा काढला मी तुम्हाला.”

तिने हात बाजूला केला. घोट्याच्या वर नखांच्या खुणा लाल उमटल्या होत्या. अण्णांनी खाली वाकून त्यांच्यावरून बोट फिरवलं, जणू काही दुसऱ्याच कुणाच्या पायावरून. पान्या बॉनेटमागून बाहेर आला, त्याने आधी पाहिलं, मग त्याला समजलं, आणि तो उगाचच पाना कापडाने पुसायला लागला.

सून दोन पावलांवर उभी होती. हा क्षण आला तर आपल्याला किती बरं वाटेल, हे तिने चढावर ढकलगाडीला छाती लावून कितीतरी वेळा मनात रंगवलं होतं. आता तो आला होता. पहिल्यांदा तिला भयंकर राग आला, त्या मेलेल्या कलमांचा, तळहातांचा, त्या विटेचा. पण तो कोणावर काढायचा? पायावर? तो तर बिचारा तिथे नसल्यासारखाच होता. तिचे डोळे भरून आले.

अण्णांनी किल्ली काढली. गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागला. आधी त्यांनी डावा पाय हाताने धरून बाहेर ठेवला, तो जमिनीवर नीट टेकला का ते डोळ्यांनी बघितलं आणि मगच उठले. किल्ली सुनेपुढे धरली. ती घामाने ओली होती.

“तुझा पाय चांगला आहे,” ते म्हणाले. याहून जास्त काही त्यांना सुचलं नाही. सुनेने किल्ली घेतली.

“उद्या दवाखान्यात,” आई म्हणाली. “आणि ती डबी मी आत्ता काढते फळीवरून. उलटलं तर उलटू दे.”

“पण आधी पाणी,” सून म्हणाली. “टोकाच्या रांगांना कालपासून थेंब नाही.”

भरलेले कॅन उतरवून रिकामे चढवले. अण्णा घरात जातील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते जाऊन बाजूच्या सीटवर बसले, जिथे सून बसायची. आईने खिडकीतून हात घालून चप्पल त्यांच्या पायात चढवली आणि एका दोरीने ती घोट्याला बांधली. एरवी त्यांनी असलं काही करू दिलं नसतं.

तळ्यावर सुनेने कॅन भरले, अण्णांनी झाकणं लावली. परत येताना वळण जवळ आलं तसं तिने खालचा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडीने चढ धरला आणि कॅन जागच्या जागी राहिले.

“पाय!” अण्णा गरजले आणि डॅशबोर्डवर थाप पडली.

“खालीच आहे, अण्णा,” सून म्हणाली.

अण्णा वाकून स्वतःच्या पायाकडे बघत होते. चप्पल पायात होती. तरी त्यांनी हात खाली नेला आणि ती चाचपून पाहिली.